तिन्ही उड्या धरायच्या

सरांना चक्कर आली ती मैदानावर, सकाळी पावणेसातला, बारा मुलींच्या देखत. पडले नाहीत. लांब उडीच्या खड्ड्यात फावडं रोवलेलं होतं, त्याचा दांडा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "चला, पुढची." पण बोलता बोलता तोंडातली शिट्टी वाळूत पडली आणि ती उचलायला काही ते वाकले नाहीत. मुलींना तेवढ्यावरूनच कळलं. सर शिट्टी वाळूत पडू देतात म्हणजे काहीतरी बिनसलंय.

दवाखान्यात सोबत गेली ती सून. नवरा आठवड्याचे पाच दिवस बाहेरगावी कामाला, सासूबाईंचे गुडघे जिन्याला घाबरणारे, तेव्हा अडीच वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, कडेवर मारून तीच निघाली. डॉक्टरबाईंनी सरांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा बांधला.

"एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे दोन. याआधी कधी तपासलं होतं?"

"कशाला तपासायचं? मला काही होतच नव्हतं."

"तीच तर पंचाईत आहे. ह्या दुखण्यात काही होत नाही. माणूस हिंडतो-फिरतो, जेवतो-झोपतो, आणि आत रक्तवाहिन्या रात्रंदिवस ताण सोसत असतात. मग एके दिवशी मेंदूतली किंवा हृदयातली..."

डॉक्टरबाईंनी वाक्य अर्धं सोडलं. सुनेनं ते मनातल्या मनात पाच तऱ्हांनी पूर्ण केलं. ती होतीच तशी. भिंगरीला द्राक्षं उभी चिरून द्यायची, टेबलाच्या चारी कोपऱ्यांना कापूस बांधायची, कुणी दोनदा खोकलं की थर्मामीटर शोधायची. सासूबाई तिला लाडानं आणि थोड्या वैतागानं "आमची पहारेकरीण" म्हणायच्या.

"रोज एक गोळी, सकाळी, ठरल्या वेळी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मीठ दिवसभरात मिळून एका छोट्या चमच्याच्या आत. पाच-सहा किलो वजन कमी. आणि रोज अर्धा तास भरभर चालणं."

"डॉक्टर, मी चाळीस वर्षं मैदानावर आहे."

"मैदानावर काय करता?"

"पळवतो."

"कुणाला?"

"मुलींना."

"मग मुलींचं बीपी उत्तम असणार."

सरांना आजवर कुणी असं पकडलं नव्हतं. त्यांनी मिशीतल्या मिशीत हसू दाबलं आणि गोळीची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

खरी अडचण पुढेच होती. शाळेच्या मुख्याध्यापिका सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. निवृत्तीनंतरही सरांनी मुलींना उडी शिकवत राहावं म्हणून त्यांनीच आग्रह धरला होता. आता त्यांनीच दुपारी घरी येऊन, चहाचा कप हातात धरून, खाली मान घालून सांगितलं, "सर, डॉक्टरांचं पत्र आणल्याशिवाय तुम्हाला मैदानात घेता येणार नाही. नियम म्हणजे नियम, हे तुम्हीच शिकवलंत."

आंतरशालेय स्पर्धा सोळा दिवसांवर आली होती. सरांची एक विद्यार्थिनी होती, लांब पायांची, सडसडीत, मैदानावर सगळे तिला करकोचा म्हणायचे. दोन वर्षं सरांनी तिची धाव पावलापावलानं बांधली होती. कुठल्या खुणेपासून निघायचं, फळीवर कुठला पाय पडायचा, हवेत असताना हनुवटी कुठे, सगळं. ह्या स्पर्धेला खड्ड्यापाशी आपण नसणार ही कल्पना सरांना सहन होत नव्हती. त्या दिवशी त्यांनी घरातलं प्रत्येक कपाट आवरून काढलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "ह्यांना पत्र लवकर मिळू दे गं बाई, नाहीतर माझा संसार सापडायचा नाही मला."

डॉक्टरबाईंनी एक छापील कार्ड दिलं होतं. चौदा दिवस, प्रत्येक दिवसाला दोन घरं, एक सकाळचं, एक संध्याकाळचं. घरी यंत्र आणा, शांत बसून एकेका मिनिटाच्या अंतरानं तीनदा मोजा, आकडे एकशे पस्तीस-पंच्याऐंशीच्या खाली आले तर पत्र देते, असा करार ठरला.

मग घरात नवं राज्य सुरू झालं. जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली गेली. पहिल्या दिवशी सूप तोंडात घेऊन सरांनी सासूबाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांनी ग्लासातलं पाणीच वाटीत ओतून दिलंय.

"अगं, ह्यात काही घालायचं विसरलीस."

"विसरले नाही. तुमच्या सुनेनं घालू दिलं नाही. तिला विचारा."

"बाबा, लिंबू पिळा, मिरी घाला. पंधरा दिवसांत जिभेला सवय होते."

"साठ वर्षांची सवय पंधरा दिवसांत जाते होय?"

"करकोच्याचा उडीचा पाय बदलायला किती दिवस लागले होते?"

ह्यावर सरांनी लिंबू पिळलं. त्यांना मैदानातलं बोललं की पटायचं, हे सुनेनं तेव्हाच हेरलं.

तिसऱ्या दिवशी धुण्यात त्यांच्या ट्रॅकसूटच्या खिशातून मूठभर खारे दाणे निघाले. सुनेनं ते बशीत काढून त्यांच्यापुढे ठेवले. सरांनी दाण्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "जुने असतील," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नाही, कालचेच आहेत." त्या दिवसापासून बिनमिठाचे भाजलेले दाणे आले, तेही मोजके. संध्याकाळी ते भरभर चालायला जायचे, घराभोवतीच्या रस्त्यांना चार फेऱ्या, मनगटावरच्या घड्याळात वेळ लावून. गोळी सकाळी सातला, न चुकता. ह्या माणसाला एकदा नियम सांगितला की संपलं.

आणि आकडे! सकाळ-संध्याकाळ सर आपल्या खोलीत दार लोटून यंत्र लावायचे, बाहेर येऊन कार्ड फ्रिजवर चिकटवायचे. पहिल्या आठवड्यात एकशे सदतीस, एकशे पस्तीस, एकशे तेहेतीस. दुसऱ्या आठवड्यात एकशे एकतीस, एकशे एकोणतीस. सूनबाईनं कार्डाचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला, नणंदेला पाठवला, स्वतःच्या आईलाही पाठवला. खाली लिहिलं, "बघा आमचे सर." सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला फ्रिजपाशी नेऊन उभं करायच्या. दुधाचं बिल घ्यायला आलेला माणूससुद्धा "वा!" म्हणून गेला.

बाराव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, भिंगरीला ते यंत्र सापडलं.

सर शेजारी गेले होते. भिंगरीनं पट्टा आपल्या बाहुलीच्या कमरेला गुंडाळला आणि बटणं दाबत सुटली. "बावलीला बीपी आहे," म्हणाली. सून यंत्र काढून घ्यायला वाकली तर पडद्यावर जुने आकडे एकामागून एक सरकत होते. यंत्र मागचं सगळं साठवून ठेवतं हे तिला ठाऊक होतं, पण बघायची वेळ कधी आली नव्हती. कार्ड होतं ना.

एकशे अठ्ठावन्न, चौऱ्याण्णव.

तिला वाटलं, पोरीनं काहीतरी बिघडवलं. पण खाली तारीख होती, वेळ होती. आजची सकाळ, सात वाजून वीस. त्याच्यापुढे एकशे एकतीस, ब्याण्णव. त्याच्यापुढे एकशे अडतीस, चौऱ्याऐंशी.

ती फ्रिजपाशी गेली. आजच्या सकाळच्या घरात सरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, १३१/८४.

ती जोडी यंत्रात कुठेच नव्हती.

तिनं मागचे दिवस पाहिले. सगळीकडे तेच. यंत्रात एकशे बावन्न आहे, एकशे एकोणपन्नास आहे, कार्डावर मात्र एकशे तीसच्या आगेमागे. म्हणजे बाबा खोटं लिहितात? तिला हे वाक्य मनातसुद्धा पुरं करवेना. ह्याच माणसानं वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, सर्वांत लांब उडीला लाल झेंडा दाखवला होता. अंगठा फळीच्या पुढे अर्धं बोट पडला होता, दुसऱ्या कुणी पाहिलंही नव्हतं. कप गेला. मुलगा चार दिवस बापाशी बोलला नाही, आणि आता तीच गोष्ट तो जो भेटेल त्याला छाती काढून सांगतो. असा माणूस कार्डावर खोटे आकडे लिहील?

बोलावं की नाही? गुरुवारी डॉक्टरबाईंकडे जायचं होतं. कार्ड पाहून त्या पत्र देणार, शनिवारी सर मैदानात उभे राहणार, उन्हात, बेंबीच्या देठापासून ओरडत, आणि आत एकशे अठ्ठावन्न. तिला पुन्हा ते पाच तऱ्हांनी पुरं केलेलं वाक्य आठवलं. तिनं यंत्र घेतलं आणि संध्याकाळी सर चालून येऊन घाम पुसत बसले तेव्हा समोर खुर्ची ओढली.

"बाबा, एक विचारू? रागावू नका."

"रागावलो तर तुझ्या यंत्रात दिसेल. विचार."

"सकाळचा आकडा तुम्ही एकशे एकतीस-चौऱ्याऐंशी लिहिलाय. यंत्रात तसा कुठेच नाही."

"नाही कसा? एकशे एकतीस दुसऱ्या वेळचा, चौऱ्याऐंशी तिसऱ्या वेळचा."

"आणि पहिल्या वेळचा?"

"तो नाही धरला."

आज मंगळवार आहे, असं सांगावं तितक्या सहजपणे ते म्हणाले.

"का नाही धरला?"

"का म्हणजे? अगं, तीन उड्या दिल्यात. तिन्हींतली चांगली असेल ती धरायची. बाकीच्या दोन कोण विचारतं? डॉक्टर म्हणाल्या तीनदा मोजा, आणि कार्डावर घर एक. एका घरात तीन आकडे कसे बसवू?"

सुनेला हसू आणि रडू एकाच वेळी आलं. खोटं नव्हतंच. माणूस चाळीस वर्षं टेप धरून बसलेला, त्याला तीन म्हटलं की तिन्हींतली उत्तम, दुसरं काही सुचणारच नाही. वरचा आकडा एका उडीचा आणि खालचा दुसऱ्या उडीचा घेण्यापर्यंत मजल गेली होती, पण तीही पूर्ण निष्ठेनं.

"बाबा, उडीत चांगली का धरतात? पोरगी जास्तीत जास्त किती जाऊ शकते ते बघायचं असतं म्हणून."

"बरोबर."

"इथे ते बघायचंच नाहीये. तुमच्या रक्तवाहिन्या रोज काय सोसतात ते बघायचंय. एकशे अठ्ठावन्न झालं तेव्हासुद्धा रक्त त्याच वाहिन्यांतून गेलं. तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून ते गेलं नाही असं थोडंच आहे?"

सर टॉवेलनं मान पुसत होते, ते थांबलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं तिनं, की बाबांचे कान लाल झाले की मैदान गप्प व्हायचं.

"म्हणजे तिन्ही धरायच्या," ते शेवटी म्हणाले.

"तिन्ही. आणि त्यांची सरासरी."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "अहो, परवा पत्र, शनिवारी स्पर्धा. आजच सुचलं का हे? राहू द्या चार दिवस. त्या पोरीची उडी होऊ दे. मग काढा तुमच्या तिन्ही उड्या, कोण नाही म्हणतंय?"

खरं सांगायचं तर सुनेच्याही मनात तेच येऊन गेलं. चार दिवसांनी काय होतंय? आजवर नाही झालं. आणि सरांचं तोंड तिला बघवत नव्हतं. पण हे तिनं ठरवायचं नव्हतं.

सर उठले. फ्रिजवरचं कार्ड काढलं, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं.

"पोरी, तुझ्याकडे रेघी वही आहे?"

"आहे."

"आण. मी वाचतो, तू लिही. एकही सोडू नकोस."

दिवे लागायच्या सुमाराला ते दोघं जेवणाच्या टेबलावर बसले. सर यंत्राचं बटण दाबून आकडे सांगत होते, उपांत्य फेरीचा निकाल वाचावा तशा स्वच्छ आवाजात. "एकशे बावन्न, त्र्याण्णव. एकशे सेहेचाळीस, एक्याण्णव." मोठा आकडा आला की आवाज मुद्दाम थोडा वाढायचा. भिंगरी टेबलाखालून "एकशे शंभर!" असं ओरडून मदत करत होती. सुनेनं कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं होतं, लग्नानंतर त्याची गाठ दुधाच्या मापांशीच पडत होती. आज तिनं सरासरी काढली. एकशे अठ्ठेचाळीस, एक्याण्णव.

"फाउल," सर म्हणाले, आणि जुन्या कार्डावर तिरकी रेघ ओढली.

सासूबाईंनी सरांपुढे सूपची वाटी ठेवली. लिंबू आधीच पिळलेलं होतं.

गुरुवारी सरांनी डॉक्टरबाईंच्या टेबलावर दोन्ही ठेवलं, कार्ड आणि वही.

"डॉक्टर, हे कार्ड धरू नका. तिन्हींतली चांगली उडी लिहिली मी. चूक माझी. वहीत सगळं आहे, ते खरं."

डॉक्टरबाईंनी वही उघडली. बराच वेळ वाचत होत्या. मग कार्ड उचललं, पुन्हा वहीत पाहिलं.

"हे एकटं कार्ड दाखवलं असतंत," त्या हळूच म्हणाल्या, "तर मी आत्ता पत्र लिहून दिलं असतं. गोळीही आहे तीच ठेवली असती. आणि तुम्ही एकशे साठ घेऊन उन्हात उभे राहिला असतात."

सुनेनं भिंगरीला जरा घट्ट धरलं.

"आणि चूक तुमच्या एकट्याची नाही. तीनदा मोजा म्हटलं मी, काय लिहायचं ते सांगितलं नाही. कार्डावर घरही एकच. हे मी बदलून घेते." मग त्यांनी मान वर केली. "पत्र आज देता येणार नाही, सर. दुसरी गोळी जोडते. सहा आठवड्यांनी या."

"शनिवारी स्पर्धा आहे," सर म्हणाले. विनवणी नव्हती त्यात. नुसती माहिती.

"मला ठाऊक आहे."

"बरं. मग शनिवारी मी दोरीच्या बाहेर."

परतताना रस्ताभर सून काय बोलावं ते शोधत राहिली. तिच्यामुळे झालं होतं हे. दोन वर्षांची मेहनत, आणि तिनं बटणं दाबली. कोपऱ्यावर थांबून ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझा राग आला असेल."

सरांनी भिंगरीला तिच्याकडून घेतलं, खांद्यावर बसवलं आणि मग काहीतरी आठवून पुन्हा खाली उतरवून बोट धरलं. "पंच लागतो गं," म्हणाले. "पळणाऱ्याला स्वतःचा पाय दिसत नाही."

शनिवारी सगळं घर मैदानावर गेलं. सर प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसले, टोपी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर. खड्ड्यापाशी नवी शिक्षिका होती, तरुण, घाबरलेली. करकोच्याची पहिली उडी फाउल. दुसरी तोकडी. तिनं दोन्ही वेळा पायऱ्यांकडे पाहिलं. बाहेरून शिकवायचं नाही असा नियम, म्हणून सर जागचे हलले नाहीत, हात नाही की मान नाही. फक्त सुनेला दिसलं, ते श्वास मोजत होते. तिसऱ्या उडीला पोरगी खुणेवर गेली, स्वतःच दोन पावलं मागे सरकली, धावली आणि लांबच लांब गेली. चार मीटर एक्याण्णव. दुसरा नंबर.

सुनेशेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "छान उडाली नाही? कुणी शिकवलंय हिला?"

"माझ्या सासऱ्यांनी," सून म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्याच कानांना जरा मोठा वाटला. "ते काय, टोपीवाले."

सर पायऱ्या उतरून दोरीपाशी गेले तेव्हा करकोचा तिथे आली, हातात पदक, डोळे भरलेले. "सर, तिसरी बघितलीत?"

"बघितली. सुरेख. आणि पहिल्या दोन?"

पोरीला वाटलं रागावले. पण सर कधी नव्हे ते दोरीवर रेलून तिच्या बिघडलेल्या उड्यांबद्दल विचारत होते. कुठे पाय पडला, मनात काय होतं, वारा होता का. सून लांबून पाहत होती. चांगली उडी सोडून बाकीच्या दोन्हींची चौकशी सरांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा केली असणार.

पुढचे सहा आठवडे घरानं एक नवी शिस्त पाहिली. मोजण्याआधी पाच मिनिटं बसायचं. पाठ खुर्चीला टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, दंड छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, आणि बोलायचं नाही. ह्यातल्या निम्म्या गोष्टी सर आधी करतच नव्हते. बाहीवरूनच पट्टा बांधायचे आणि मोजताना खिडकीतून बाहेरच्या पोरांना ओरडायचे. आता त्या पाच मिनिटांत घर असं शांत व्हायचं, की सासूबाई हातवाऱ्यांनी भाजीचं विचारायच्या. भिंगरी समोरच्या खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून, गाल फुगवून तितकीच गप्प बसायची. ती पाच मिनिटं सुनेला दिवसातली सर्वांत आवडती झाली.

वहीत आता तिन्ही आकडे, त्यांची सरासरी, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. सर त्यात लिहायचे, "झोप कमी." "शेजारी बारशाला खारं खाल्लं, दोनदा घेतलं." "मुलाशी फोनवर वाद, चूक माझी." एका सकाळी एकशे बावन्न आला तर त्याच्यापुढे नुसतंच "माहीत नाही" लिहिलं होतं. सुनेला त्या दोन शब्दांचा सर्वांत जास्त अभिमान वाटला.

तिसऱ्या आठवड्यात दोन्ही घोट्यांवर सूज आली. मोजे काढल्यावर खळगा पडायचा. सर दोन दिवस लपवू पाहत होते. तिसऱ्या दिवशी आपणहून सुनेपुढे पाय केला, "हे बघ. हेही लिहायचं ना?" तिनं दवाखान्यात फोन लावला. गोळीचा परिणाम आहे, होतं असं काहींना, डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि एक गोळी बदलून दिली. आठवड्यात सूज उतरली.

सरासरी सरकत होती, कासवाच्या चालीनं. एकशे एकेचाळीस. एकशे सदतीस. वजन चार किलो उतरलं. कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मग एका संध्याकाळी सलग तिन्ही वेळा एकशे पंचवीसच्या आत आलं, आणि सासूबाईंनी टाळ्याच वाजवल्या.

"झालं! आता गोळ्यांना सुट्टी."

"अगं, सुट्टी कशी?" सर म्हणाले. "आकडा खाली आलाय तो गोळी घेतो म्हणून. सराव करून उडी वाढली, म्हणून उद्यापासून सराव बंद, असं मी कुठल्या पोरीला सांगितलंय का?"

"मला काय ठाऊक तुमच्या पोरींना काय सांगता ते. मला तर चाळीस वर्षं नुसती शिट्टी ऐकू आली."

सूनबाई ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण सुरी क्षणभर थांबली. हे वाक्य ती सरांना समजावून सांगणार होती, आज-उद्या, योग्य वेळ बघून. आता गरजच उरली नव्हती.

सहा आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी वहीची पानं उलटली. शेऱ्याच्या रकान्यापाशी थांबून हसल्या, एकदा चष्मा काढून पुसला. शेवटच्या दोन आठवड्यांची सरासरी एकशे एकतीस, ब्याऐंशी.

"ह्या पानांच्या प्रती काढून ठेवू का? बाकीच्यांना दाखवायला? नाव झाकून."

"नाव कशाला झाकता?" सर म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पत्र लिहायला घेतलं. सर थोडे पुढे झुकले. "त्यात लिहा, की मी रोज दोन गोळ्या घेतो."

"गरज नाही त्याची. काम करायला हरकत नाही, एवढं पुरतं."

"लिहा. नाहीतर पत्र वाचून शाळेला वाटेल मी पूर्वीसारखा आहे."

त्यांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सर मैदानाच्या फाटकाशी उभे होते. सून भिंगरीला घेऊन सोबत आली होती; का आलीस असं विचारलं तर सांगायला तिच्याकडे काही नव्हतं. मुख्याध्यापिकांनी पत्र उघडलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि जुनी विद्यार्थिनी होऊन पटकन वाकून सरांच्या पायांना हात लावला. सर संकोचले. "असू दे, असू दे. मुली बघतायत."

मुली बघतच होत्या. बाराच्या बारा खड्ड्यापासून पळत आल्या आणि अर्ध्यावर येऊन थबकल्या. जवळ जावं की लांब राहावं, कळेना त्यांना. करकोच्यानं विचारलं, "सर, तुम्ही बरे झालात?"

सरांनी चष्मा नीट केला. "बरा नाही झालो. हे बरं होणारं दुखणं नाही. ताब्यात आहे. रोज दोन गोळ्या आहेत, मीठ कमी आहे, चालणं आहे. आणि मोठ्यानं ओरडणं थोडं कमी करणार आहे, तेव्हा तुम्ही ऐकायला जवळ या."

मुली जवळ आल्या. एक लहानगी म्हणाली, "माझ्या आजोबांना पण बीपी आहे. ते गोळी विसरतात."

"त्यांना म्हणावं, सर सात वाजता घेतात. तुम्ही पण सातला घ्या. विसरलात तर मला कळेल."

"कसं कळेल?"

"तू सांगशील ना!"

सगळ्या हसल्या. सर वाळूकडे गेले, बुटाच्या टाचेनं ती दाबून पाहिली, फावडं घेऊन एक उंचवटा सपाट केला. मग टेप उचलून एक टोक करकोच्याच्या हाती दिलं आणि वहीचं कोरं पान उघडून त्यावर तीन रकाने आखले.

"आजपासून तिन्ही लिहायच्या," ते म्हणाले. "चल, पहिली कोण?"

भिंगरीनं दोन्ही हात वर केले. सूनबाईनं तिला धरलं नाही. पोर धावत सुटली, फळीवर थांबून दोन्ही पायांनी टुणकन उडाली आणि वाळूत बसकण मारली. सर वाकले, टेप लावला, आणि अगदी गंभीरपणे आकडा वाचून दाखवला.